ओविद माल्ते आणि मीठगाडी

नोव्हेंबरच्या सुरुवातीला, सर्व संतांच्या सणानंतर, पहिला बर्फाळ पाऊस पडला आणि त्याच सकाळी ओविद माल्तेने आपल्या मेव्हण्याचा जबडा मोडला. मेव्हणा, कोनराद गोबेय, रस्त्यांवरचा बर्फ वितळवायला मीठ पसरणारी नगरपालिकेची मीठगाडी चालवत होता, एवढाच त्याचा गुन्हा. म्हणजे अगदी एवढाच नव्हे. बेकरीसमोर ओविदची लाल स्पोर्ट्स कार उभी होती. तिच्याजवळ येताच कोनरादने मीठगाडीचा वेग कमी केला आणि मीठ उडवणारी मागची चकती पूर्ण जोरात सोडली. मिठाचे खडे गारांसारखे लाल दारावर तडतडले. ओविद पाव घेऊन बाहेर आला तेव्हा कोनराद खिडकीची काच खाली करून हसत होता.

"दाजी, कमी पडलं का? अजून वाढू?"

ओविदने पाव खाली टाकला. मीठगाडीच्या पायरीवर चढून त्याने कोनरादला गळपट्टीला धरले आणि दारातून ओढून रस्त्यावर आपटले. मग छातीवर गुडघा रोवून तो मारत राहिला. बेकरीवालीने पुढे कोर्टात सांगितले, की आधी ओल्या कणकेवर मूठ पडावी तसा आवाज येत होता आणि मग गोठलेली फांदी मोडावी तसा आला. तेव्हा तो थांबला. कोनराद कुशीवर वळून रक्त आणि दात थुंकू लागला. ओविदने खिशातून रुमाल काढला आणि गाडीचे दार पुसले. वरून खाली, मग कडेच्या पट्टीखाली, जिथे मीठ अडकून पत्रा खात बसते तिथे. त्यानंतर त्याने बेकरीवालीला हाक मारली आणि रुग्णवाहिका बोलवायला सांगितले.

न्यायाधीशाने त्याला वर्षभर चांगल्या वर्तणुकीची हमी द्यायला लावली. गावाने दोन्ही बाजू घेतल्या. गावात कोनराद कोणालाच फारसा आवडत नसे, पण मीठगाडी सर्वांनाच लागे. ती आली नाही, तर उतारावरचे निम्मे लोक जानेवारीत खाडीत जाऊन पडले असते.

खरा निवाडा झाला तो घरी. नोएला, ओविदची बायको, हॉस्पिटलात वॉर्डमध्ये काम करीत असे. ज्या भावाचे नाक पुसून तिने त्याला लहानाचे मोठे केले, त्याचे तोंड आता तारेने शिवलेले होते, आणि नळीतून त्याला घेवड्याचे गाळलेले सूप पाजायचे काम तिच्याच वाट्याला आले. त्याला पहिल्यांदा सूप पाजून आली त्या संध्याकाळी कोट न काढताच ती टेबलाशी बसली.

"त्याने मुद्दाम केलं," ओविद म्हणाला.

"माहीत आहे."

"तुझा भाऊ आहे म्हणून तुला वाटतं..."

"माझा भाऊ गाढव आहे, हे मला तुझ्याकडून शिकायचं नाही. मारलंस, ते मी एक वेळ गिळलं असतं. पण तू आधी दार पुसलंस, ओविद. तो रक्त ओकत होता आणि तू दार पुसत होतास."

ओविदने दोन्ही हात टेबलाखाली घेतले.

"आता ऐक. पुन्हा तुझी मूठ माणसावर पडली, माणूस कोणी का असेना, तर मी रोबेर्व्हालला मावशीकडे जाईन. परत आणायला येऊ नकोस. तुझी गाडी आणि तू, बसा दोघं पुसत."

नोएलावर ओविदने कधीच हात उगारला नव्हता. त्याला ह्या गोष्टीचा अभिमान होता, आणि त्या अभिमानाचीच तिला भीती वाटत असे.

मारणे ओविदला बापाकडून मिळाले होते. आल्सीद माल्ते कागदाच्या गिरणीत होता. त्याचा पट्टा दाराच्या खिळ्यावर टांगलेला असे आणि जेवणाआधीच्या प्रार्थनेला सगळी मुले त्या खिळ्याकडे तोंड करून बसत. त्याच्याकडे एक जुना मालट्रक होता, आणि दर शनिवारी त्याच्याखाली पाठीवर सरपटत जाऊन पाण्याच्या नळीने मीठ धुवायचे काम मोठ्या मुलाचे, म्हणजे ओविदचे होते. डोळ्यांत मिठाचे पाणी जाई, बोटे बधिर होत. पंधरा वर्षांचा असताना एका शनिवारी तो हॉकीचा सामना म्हणून पळाला. पुढच्या शनिवारीही पळाला. मग त्या महिन्यात त्याने ट्रक धुतलाच नाही.

शेवटी मिठाने खाल्लेली ब्रेकची नळी एका उतारावर फुटली. ट्रक लाकडांच्या ढिगात शिरला. आल्सीदला नुसते खरचटले. शेजारी बसलेला नऊ वर्षांचा लाव्हाल, ओविदचा धाकटा भाऊ, जागच्या जागी गेला. लोक मुलाला ओंडक्यांतून काढत होते, आणि आल्सीदने तिथेच, सगळ्यांसमोर, धावत आलेल्या मोठ्याला खाली पाडून बुटांनी तुडवले. बरगड्या मोडेपर्यंत. कोणी मध्ये पडले नाही. दु:खात आहे, म्हणून लोकांनी सोडून दिले. लाव्हालच्या अंत्यविधीला ओविद उभाच होता, कारण त्याला गुडघे टेकता येत नव्हते.

नंतर त्याला हॉकीच्या संघात घेतले ते खेळासाठी नाही. प्रशिक्षक मागून पाठीवर थाप मारी, आणि ओविद बर्फावर उतरून समोरच्या संघातला सांगितलेला माणूस शोधून त्याला झोडपी. लोक बाके बडवत. आपल्या हातून काही बरे होते आहे असे त्याला आयुष्यात पहिल्यांदा वाटले ते त्या बाकांच्या आवाजात. बोटांची हाडे वाकडी जुळली तेव्हा संघाने त्याला सोडले. मग तोही गिरणीत लागला आणि त्याने ती लाल गाडी घेतली: दोन दारे, लांब नाक, जमिनीलगत चालणारी.

असल्या गाड्या गावात आणखी चार-दोन होत्या. त्या गाड्या दर ऑक्टोबरला ठोकळ्यांवर चढत, अंगावर चादर घेत आणि मेपर्यंत निजत. ओविदची गाडी मात्र बाराही महिने धावे. बंद करून ठेवलेली गाडी म्हणजे प्रेत, असे तो म्हणे. पण खरे कारण वेगळे होते. एकदा तरी, एका गाडीच्या बाबतीत तरी, मिठाला हरवायचे असा त्याने मनाशी चंग बांधला होता.

म्हणून त्याची थंडी अशी जाई. पाने गळाली, की गाडी रोझेरकाकाच्या खड्ड्यावर. रोझेर ब्लाकबुर्न चढावाच्या माथ्यावर गाड्यांना तेल मारण्याचा धंदा करी. खड्ड्यात उतरून तो गाडीच्या पोटात, दारांच्या पोकळीत, पट्ट्यांच्या आतवर तेलाचा फवारा मारी. पुढचे दोन आठवडे अंगणात गाडीखाली पुठ्ठे घालावे लागत. नोएला म्हणे, की घरात नवऱ्याआधी तेलाचा वास शिरतो. मागच्या चाकांवर भार यावा म्हणून ओविद डिकीत वाळूची पोती भरी. गाडी तो गरम गॅरेजमध्ये कधीच घालत नसे, कारण थंडीत मीठ झोपलेले असते आणि ऊब मिळाली की खायला उठते. तो तिला उघड्या, थंडगार पडवीत ठेवी. सर्वांत मोठी युक्ती खाडीची होती. खाडी गोठली की बर्फावर मासेमारीच्या रंगीत खोपट्यांची वस्ती उभी राही आणि त्यांच्यामधून गाड्यांचे रस्ते पडत. घरापासून गिरणीपर्यंत डांबरी रस्त्याने गेले तर सगळे मीठच मीठ. बर्फावरून गेले तर मिठाचा कणही नाही. सलग काही हिवाळे तो खाडीवरूनच कामाला गेला. लोक हसत, तो त्यांना हसू देई.

जबडा मोडला त्या हिवाळ्यात हसणे वेगळ्या जातीचे झाले. नोएलाची अट गावभर पसरली होती, कारण नोएलाने ती आईला सांगितली आणि आईने ती बेकरीत सांगितली. तारा निघाल्यावर कोनराद पुन्हा मीठगाडीवर आला. त्याचा चेहरा एका बाजूला बसला होता आणि बोलताना ओठांच्या कडेने लाळ येई. रोज सकाळी तो माल्त्यांच्या फाटकासमोर गाडी थांबवून चकती चालवी.

"दाजी, हात कुठेत? खिशात? थंडी वाजते का?"

ओविद हात खिशातच ठेवी.

"एक मारा की. एकच. माझी बहीण घरी येईल, मी देवळात मेणबत्ती लावीन तुमच्या नावाने."

तो लपवतच नव्हता. त्याला बहीण परत हवी होती, आणि त्यासाठी आपले उरलेले दातही द्यायला तो तयार होता.

असा दिवस गेला, की संध्याकाळी ओविद पडवीत जाई. वाळूची राखीव पोती तिथे गोठून दगड झालेली असत. तो ती मुठींनी मारी, गोणपाट फाटेपर्यंत, सांध्यांवरची कातडी सोलून लोंबेपर्यंत. मग आत येऊन टेबलावर हात ठेवी आणि नोएला न बोलता पट्ट्या बांधी.

"वाळूची पोती माणसांत धरत नाहीत ना?" एकदा त्याने विचारले.

"अजून तरी नाही," ती म्हणाली. "डावा दे."

एकदा पट्टी बांधून झाल्यावर तिने त्याचा हात सोडला नाही. तेवढ्यावर त्याने फेब्रुवारी काढला.

मार्चमध्ये, बर्फ वितळण्याआधी, खोपट्या हलवायचे दिवस आले. ब्रेक दाबला की पाय थोडा खोल जातो, असे ओविदला वाटू लागले. शनिवारी दुपारी तो गाडी अगदी हळू, खालच्या गिअरवर, चढाव चढून रोझेरकाकाकडे घेऊन गेला. नोएलाची कामाची पाळी संपत आली होती. हॉस्पिटल माथ्यावरच होते, तेव्हा ती चालत तिथे येणार होती.

रोझेर दिवा घेऊन खड्ड्यात उतरला आणि बराच वेळ वर आला नाही. मग त्याने खालून विचारले, "पोरा, तू हिला कुठून नेतोस?"

"बर्फावरून. तुम्हाला माहीत आहे की."

"आणि काठाला चढताना? भरतीने बर्फ उचलतो तिथे भेग असते, तिच्यातून चिखलपाणी येतं. त्यातूनच ना?"

"जोरात काढतो. गुडघाभर उडतं. पण ते पाणी आहे."

रोझेर वर आला. त्याने काळे बोट जिभेला लावले, थुंकला आणि तेच बोट ओविदसमोर धरले. "ही खाडी आहे, तळं नाही. व्हेल मासे काय गोड्या पाण्यात येतात इथे? रस्त्यावर मीठ वरून पडतं, तू खालून मारून घेत होतास. दिवसातून दोनदा. माझं तेल धुऊन गेलंय पार."

त्याच्या दुसऱ्या हातात पत्र्याच्या पापुद्र्यासारखे काहीतरी होते. ते त्याने चिमटीत धरले आणि ते चुरले.

"मागच्या ब्रेकच्या नळीचं कवच आहे हे. पुढचीही बरी नाही. जोरात एकदा दाबलास तर फुटेल. हँडब्रेकची तार तर जामच आहे. ही इथून आता ओढूनच न्यायची. कळलं?"

ओविद मान हलवून गाडीकडे बघत राहिला. त्याने गाडी मागे घेऊन अंगणात, उताराच्या तोंडाशी उभी केली आणि चाकाला दगड लावला. खड्डा मोकळा करायचा म्हणून. चूक एवढीच झाली, की किल्ली आतच राहिली.

तेवढ्यात मीठगाडी वर आली. कोनराद प्यालेला होता. तो फावडे घेऊन उतरला, मागून फावडेभर मीठ उचलले आणि लाल बॉनेटवर ओतले.

"कोनराद, घरी जा," रोझेर म्हणाला.

"तुम्ही खड्ड्यात जा, काका. मी दाजींना जेवायला वाढतोय."

दुसरे फावडे काचेवर. तिसरे ओविदच्या तोंडावर. मीठ डोळ्यांत गेले आणि ओविदने डोळे मिटले, पण हात खिशातच ठेवले.

मग कोनरादचा तोल सुटला. त्याने फावड्याचा पाठीमागचा भाग ओविदच्या खांद्यावर हाणला. ओविद हलला नाही. त्याने पोटऱ्यांवर मारले, ओविद गुडघ्यावर आला. पाठीवर मारले. कानाजवळ मारले तेव्हा कातडी फाटून रक्त कॉलरमध्ये उतरले. तिकडच्या रीतीने चर्चच्या वेदीवरच्या एकेका पवित्र भांड्याचे नाव घेऊन तो शिव्या देत होता आणि रडतही होता.

"मार ना. मार ना रे. तोंड बघ माझं. बायका बघतात आणि मान फिरवतात. मार."

"नाही," ओविद म्हणाला. "नाही मारणार."

रोझेरने मागून फावडे धरले. कोनरादने त्याला झटकले आणि म्हातारा मिठावर घसरून पडला. कोनराद धापा टाकत उभा राहिला. मग त्याला किल्ली दिसली.

"बरं. मग हिला फिरवून आणतो. खाली धक्क्यापर्यंत. आज सकाळीच मी तो सगळा रस्ता पांढरा केलाय."

त्याने चाकाखालचा दगड लाथेने उडवला आणि आत बसला.

"ब्रेक गेलेत," ओविद उठत ओरडला. "कोनराद, ब्रेक नाहीत तिला. मरशील."

"हो हो. आणि पोप माझा मामा."

इंजिन गुरगुरले. गाडी उताराकडे सरकली. खाली तीव्र उतार, मग चर्चचे वळण, मग धक्का. आणि शनिवार दुपार असल्याने मुले तिथे हॉकीच्या काठ्या घेऊन खेळत होती. ओविद लंगडत धावला, त्याने डाव्या हाताने दार उघडले, तोच हात स्टिअरिंगच्या चाकाकडे घातला. कोनरादने त्याच्या मनगटाचा चावा घेतला आणि वेग वाढवला.

ओविदची उजवी मूठ खिशातून निघाली ती सरळ कोनरादच्या नाकावर. कोनरादचे डोके मागे आदळले, हात सुटले. ओविदने चाक वळवले, डाव्या हाताने किल्ली पिरगाळून बाहेर काढली. गाडी नाकाने बर्फाच्या ढिगात घुसली आणि थांबली. सगळे शांत झाले. उताराच्या तोंडापर्यंत अगदी थोडी जागा उरली होती.

आणि मग ओविदने आणखी दोन ठोसे मारले. एक नाकावर, एक जबड्यावर, जिथे हाड जुळले होते तिथे. तिसऱ्यासाठी हात मागे गेला तेव्हा त्याला नोएला दिसली. ती रस्त्याच्या पलीकडे, पांढऱ्या मोज्यांत, डबा हातात घेऊन उभी होती.

त्या दिवशी हॉस्पिटलात ओविदचे कधी नव्हे इतके कौतुक झाले. कानामागे टाके घालून तो बाकावर बसला होता, आणि माणसे येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवून जात होती. रोझेरकाकाने नळीचा चुरा रुमालात आणून पोलिसाला दाखवला. पोलिसाने तो बोटात चोळला आणि टोपी काढली. अखेर कोनरादनेही, नाकात कापूस कोंबलेला असताना, बहिणीला सांगितले.

"त्यानं सांगितलं होतं मला. ब्रेक नाहीत म्हणाला. मीच ऐकलं नाही." त्याने नाकातला कापूस पुन्हा आत दाबला. "मेलो असतो, नोएला. त्या पोरांपैकी एखाद्याला घेऊन मेलो असतो. जा, घरी जा त्याच्याबरोबर. मी हरलो."

नोएला बाहेर आली आणि बाकावर ओविदच्या शेजारी बसली. पोलीस थोडा लांब सरकला.

"ब्रेकचं खरं आहे?"

"खरं आहे."

"फावड्याने मारत होता आणि तू हात काढले नाहीस, हेही खरं?"

"हो."

"काका म्हणाले, तू नसतास तर आज इथे दोन-तीन पेट्या लागल्या असत्या."

त्याचा उजवा हात सुजून पावासारखा झाला होता.

"मी तिथे आले तेव्हा गाडी थांबली होती," नोएला म्हणाली. "किल्ली तुझ्या डाव्या हातात होती, मी पाहिली. मग पुढचे दोन कशाला?"

सांगायला सोपे होते. तो अजून झटत होता, असे म्हणता आले असते. कोनरादला काही आठवत नव्हते, रोझेर जमिनीवर पडलेला होता. पोलीसही ऐकायला तयार उभा होता. ओविदने तोंड उघडले, मिटले. समोरच्या भिंतीवर मरियेची आई सांत आन हिचे चित्र होते, तो तिच्याकडे बघत होता.

"पहिला ब्रेकसाठी होता," तो म्हणाला. "ते दोन माझे होते."

"कसं वाटलं?"

"बरं वाटलं." त्याने सुजलेल्या हाताकडे पाहिले. "फार बरं वाटलं, नोएला."

तिने मान हलवली. रडली नाही. उठून वॉर्डमध्ये गेली, भावाची उशी नीट केली, हजेरीच्या वहीत सही केली आणि कोट घालून बाहेर आली. घरी जाऊन तिने एकच पेटी भरली. ओविदने ती बसच्या थांब्यापर्यंत डाव्या हाताने नेली. रस्ता मिठाने पांढरा होता आणि बुटांखाली करकरत होता.

बस आली. चालकाने पेटी खाली ठेवून घेतली. नोएला पायरीवर चढली, मग वळली.

"हाताला बर्फ लाव. गरम पाणी नको."

"बरं."

"तू खोटं बोलला असतास, तर मी राहिले असते." मग तिने त्याला मावशीचा फोन नंबर सांगितला. तो नंबर त्याला लग्नाआधीपासून पाठ होता, तरी ती शेवटच्या आकड्यापर्यंत सावकाश सांगत राहिली, आणि त्याने तो मध्ये न थांबवता ऐकून घेतला.

"रविवारी," ती म्हणाली. "रविवारी कर. रोज नको."

दार मिटले. बस उताराला लागली, तिचे ब्रेक एकदा कुरकुरले आणि लागले.